‘प्लांट’च्या तळव्याला माती

‘प्लांट’ हा शब्द आज दिवसभरात किती वेळा कानावर पडला? जरा मोजून बघा. गावातल्या आरओ प्लांटवरून पाण्याचा कॅन आला. होस्टेलच्या खिडकीत काचेच्या बाटलीत मनी प्लांट आहे. मेकॅनिकलवाल्या मित्राची ‘प्लांट व्हिजिट’ आहे म्हणून तो दोन दिवस बूट शोधतोय. रात्री वेबसिरीज लावली, तर त्यात पोलिसाने कुणाच्या तरी गाडीत पुडी ‘प्लांट’ केली. बीएस्सीवालीच्या वहीवर ‘प्लांट फिजिऑलॉजी’ लिहिलंय. आणि जून लागला की वणीपासून पुसदपर्यंत अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच काम असतं, ते म्हणजे खरंखुरं प्लांटिंग.

कारखाना, वेल, खोटा पुरावा आणि कपाशीचं झाड. या चौघांचा एकमेकांशी काय संबंध? इंग्रजीच्या तासाला आपण अर्थ पाठ करतो आणि पुढे जातो. पण हा शब्द जरा उकरून बघितला, तर खाली लॅटिन निघतं, त्याच्याखाली एक पाय निघतो, आणि तो पाय आपल्या ओळखीचा निघतो.

शब्दाच्या मुळाशी तळपाय

लॅटिन भाषेत ‘प्लांटा’ या शब्दाचे दोन अर्थ. एक, लावायचं कोवळं रोप किंवा फांदी. दुसरा, पायाचा तळवा. एकाच शब्दात रोप आणि तळवा कसे काय राहत असतील? अनेक कोशकार याचं उत्तर असं देतात: रोप जमिनीत ठेवलं की आजूबाजूची माती पायाने दाबायची, या क्रियेला ‘प्लांतारे’ म्हणायचे. तळव्याने दाबायचं म्हणून ‘प्लांतारे’, आणि जे दाबून लावलं ते ‘प्लांटा’.

आता रोममधून थेट राळेगाव-मारेगावच्या वावरात या. मिरुगाचा पाऊस पडलाय, काळी जमीन वाफशावर आलीय. उभी-आडवी काकरं पाडलीत. जिथे दोन रेघा एकमेकींना छेदतात, त्या फुलीवर सरकी टोबायची. बायांची रांग लागलेली असते. ओटीत सरकी, हल्ली ती रंगीत औषधाचं पुट चढलेली असते. एक बाई वाकते, बोटांनी दोन दाणे मातीत घालते, सरळ होते, पायाने त्यावर माती लोटते, तळव्याने हलकेच दाबते आणि पुढच्या फुलीवर जाते. दिवसभर. एका तासातून दुसऱ्या तासात.

लॅटिन शब्दात जे गोठून बसलंय, ते ही बाई जूनच्या कुठल्याही सकाळी करताना दिसते. तिला लॅटिन येत नाही आणि लॅटिन शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी बहुधा कपाशी टोबलेली नसते. शब्दाचा अर्थ मात्र तिच्या पायाखाली आहे.

माती का दाबायची, हेही शास्त्र आहे. दाणा आणि माती यांच्यात पोकळी राहिली, तर दाण्याला ओल मिळत नाही आणि तो कोरडाच राहतो. फार जोरात दाबलं, तर वरची माती घट्ट होते आणि कोंब फुटून वर येत नाही. म्हणजे किती दाबायचं याचं माप कुठल्याही यंत्रावर लिहिलेलं नसतं, ते तळव्याला कळावं लागतं.

नातेवाईक भलतीकडेच भेटतात

एकदा तळवा सापडला की बाकीचे शब्द आपोआप उलगडतात. टाचदुखीसाठी डॉक्टर ‘प्लांटर फॅसायटिस’ लिहितात, तिथला ‘प्लांटर’ म्हणजे तळव्याचा. झूलॉजीवाल्यांना ‘प्लँटिग्रेड’ माहीत असेल: पूर्ण तळवा टेकवून चालणारे प्राणी. माणूस त्यात येतो, अस्वलही येतं. वाघ मात्र बोटांवर चालतो. त्यामुळे टिपेश्वरच्या अभयारण्यात अस्वलाच्या पायाचा ठसा माणसाच्या पायासारखा लांबट दिसतो आणि वाघाचा गोल.

‘सप्लांट’ हे क्रियापद स्पर्धा परीक्षेच्या शब्दयादीत हमखास असतं. अर्थ: एखाद्याला हटवून त्याची जागा घेणं. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ होता तळव्याखालून पाय घालून पाडणं. कबड्डीच्या भाषेत सांगायचं तर पायात पाय घालणं. हा शब्द लक्षात ठेवायला उदाहरण हवं असेल, तर ते आपल्याच वावरात आहे. आपल्याकडचा जुना देशी कापूस आखूड धाग्याचा, पण कोरडवाहूला टिकणारा. लांब धाग्याच्या अमेरिकन जातींनी, मग संकरित वाणांनी आणि २००२ साली परवानगी मिळालेल्या बीटीने त्याला ‘सप्लांट’ केलं. आज संकरित बियाणं दरवर्षी विकतच घ्यावं लागतं. घरची सरकी राखून ठेवायची पद्धत त्याबरोबर गेली.

सगळ्यात गमतीशीर नातेवाईक म्हणजे ‘क्लॅन’. मोबाइलवर गेम खेळताना तुम्ही ज्या क्लॅनमध्ये सामील होता, तोच. प्राचीन आयरिश भाषेत ‘प’ हा उच्चार नव्हता. लॅटिन ‘प्लांटा’ तिथे पोहोचला तेव्हा ‘प’चा ‘क’ झाला. रोप म्हणजे संतती, संततीची संतती म्हणजे कुळी, असा तो ‘क्लॅन’पर्यंत आला. ऐकायला परकं वाटतं? मग आपला ‘वंश’ बघा. संस्कृतमध्ये ‘वंश’ म्हणजे आधी बांबू, म्हणून बासरीला वंशी म्हणतात. पेर चढत जातं तसा वंश वाढत जातो. वंशवेल हा शब्द तर आपण लग्नपत्रिकेच्या भाषेतही वापरतो.

आणखी एक दूरचं नातं. भाषाशास्त्रज्ञ ‘प्लांटा’चं मूळ ‘सपाट, पसरट’ अशा अर्थाच्या एका फार जुन्या धातूशी जोडतात. तळवा सपाट असतो, म्हणून. त्याच मुळातून ग्रीकमार्गे ‘प्लेट’ आणि ‘प्लॅटफॉर्म’ आले, आणि संस्कृतमध्ये ‘पृथु’ म्हणजे रुंद, त्यावरून ‘पृथ्वी’. म्हणजे वावर आणि वावरावर टेकणारा पाय, दोघांची नावं फार फार मागे जाऊन एका घरातली निघतात.

वनस्पती वेगळी, प्लांट वेगळं

शाळेपासून आपण ‘प्लांट म्हणजे वनस्पती’ असं पाठ केलं. मूळ पाहिलं तर हे दोन शब्द एकमेकांच्या विरुद्ध बाजूला उभे आहेत. ‘वनस्पती’ म्हणजे वनाचा पती, जंगलाचा धनी. घाटंजी-पांढरकवड्याकडच्या रानात सागवान उभं असतं, ती वनस्पती. ती कुणी लावली नाही, तिला कुणाची परवानगी लागली नाही. जुन्या इंग्रजीत ‘प्लांट’ म्हणजे मात्र फक्त माणसाने लावलेलं किंवा लावण्यासाठी तयार केलेलं रोप. रानातलं झुडूप त्यात धरत नसत. सगळ्याच हिरव्या गोष्टींना ‘प्लांट’ म्हणायची रीत त्यानंतर कित्येक शतकांनी आली.

म्हणजे खऱ्या अर्थाने बघायचं तर ‘प्लांट’ या शब्दात एक माणूस गृहीत धरलेला आहे. कुणीतरी वाकलंय, कुणीतरी पाय दाबलाय, त्याशिवाय प्लांट नाही. हा माणूस पुढे कुठे गेला, ही या शब्दाची खरी गोष्ट आहे.

कारखाना, खबऱ्या आणि आरोपी

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये यंत्रं आली. जड यंत्र जमिनीत पक्कं बसवावं लागतं, रोपासारखं रोवावं लागतं. म्हणून बसवलेल्या यंत्रसामग्रीला ‘प्लांट’ म्हणायला लागले आणि मग अख्ख्या कारखान्यालाच. आपल्या जिल्ह्यात याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. वावरात कपाशीचा प्लांट आणि रस्त्याच्या कडेला जिनिंग-प्रेसिंगचा प्लांट. पहिल्यात सरकी मातीत जाते आणि दुसऱ्यात रुईपासून सरकी वेगळी होते. एकाच दाण्याचा प्रवास एका प्लांटपासून दुसऱ्या प्लांटपर्यंत.

चोरांनीही हा शब्द सोडला नाही. चोरीचा माल लपवून ठेवणं म्हणजे ‘प्लांट’ करणं, असं इंग्रज चोरांच्या बोलीत म्हणत. तिथून खोटा पुरावा ठेवणं आलं, आणि विरोधकांच्या गोटात घुसवलेला माणूसही ‘प्लांट’ झाला. आता हे इंग्रजीचंच डोकं, असं समजू नका. ग्रामपंचायतीची निवडणूक आली की आपल्याकडेही ‘त्याने आपली माणसं पेरून ठेवलीत’ असं म्हणतात. बातमी पेरतात. अफवा पेरतात. जमिनीत घातलेलं दिसत नाही आणि वेळ आली की उगवतं, हे ज्याने ज्याने शेती केली त्या प्रत्येक समाजाला कळलेलं आहे.

मराठी तर एक पाऊल पुढे आहे. दर पावसाळ्यात तुमच्या कॉलेजात एनएसएसचं ‘वृक्षारोपण’ होतं. शब्द फोडा: वृक्ष अधिक आरोपण. आरोपण म्हणजे लावणं, वर चढवणं. त्यातलाच ‘आरोप’. एखादी गोष्ट दुसऱ्याच्या अंगावर लावणं म्हणजे आरोप, आणि ज्याच्यावर लावली तो आरोपी. नर्सरीतलं ‘रोप’ आणि पोलीस ठाण्यातला ‘आरोपी’ एकाच धातूतून उगवलेत. पुढच्या वेळी खड्ड्यात रोप ठेवून फोटो काढाल तेव्हा एवढं आठवा. आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात पुन्हा रोप लावायची वेळ आली, तर आरोपी कोण, हेही विचारा.

प्लांटर कोण आणि ‘हँड्स’ कोण?

आता जरा गंभीर होऊ. ‘प्लांट’ला शेपूट लागून ‘प्लांटेशन’ झालं, आणि शब्दाचा चेहरा बदलला. १६०९ पासून इंग्रज सत्तेने आयर्लंडच्या अल्स्टर भागात तिथल्या कुळांच्या जमिनी घेऊन इंग्लंड-स्कॉटलंडमधली माणसं आणून वसवली. या योजनेचं नाव होतं ‘प्लांटेशन’. इथे रोपाच्या जागी माणसं लावली जात होती. गंमत म्हणा की क्रूर योगायोग, ज्यांना उपटलं ते ‘क्लॅन’ आणि ज्याने उपटलं ते ‘प्लांटेशन’. दोन्ही शब्द एकाच ‘प्लांटा’चे.

पुढे अमेरिकेत प्लांटेशन म्हणजे ऊस, तंबाखू आणि कापसाचे प्रचंड मळे, आणि तिथे राबणारे आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. या मळ्याच्या मालकाला काय म्हणायचे? ‘प्लांटर’. शब्दाचा सरळ अर्थ ‘लावणारा’. पण इतिहासाच्या पुस्तकात ज्यांना प्लांटर म्हटलंय, त्यांच्यापैकी बहुतेकांनी आयुष्यात एक दाणा हाताने मातीत घातला नसेल. ज्यांनी घातला त्यांना ‘हँड्स’ म्हणत. नाव नाही, फक्त हात. तळपायापासून निघालेला शब्द मालकाच्या खुर्चीत जाऊन बसला आणि पाय मातीतच राहिले.

याचा आपल्याशी काय संबंध, असं वाटत असेल तर कापसाचा धागा धरून या. इंग्लंडमधल्या मँचेस्टर परिसरातल्या गिरण्या अमेरिकेच्या याच गुलामांनी पिकवलेल्या कापसावर चालत. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, बंदरांची नाकेबंदी झाली आणि कापूस थांबला. गिरण्यांनी मग हिंदुस्थानकडे मोर्चा वळवला. वऱ्हाड १८५३ मध्येच निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला होता. इथल्या काळ्या जमिनीतल्या कापसाला अचानक भाव आला. युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस परत सुरू झाला आणि भाव कोसळले. जगातल्या कुठल्या तरी कोपऱ्यात काहीतरी घडतं आणि यवतमाळच्या बाजारात भाव पडतो, ही गोष्ट दीडशे वर्षं जुनी आहे.

आपल्याकडे अमेरिकेसारखी प्लांटेशन आली नाहीत. इथे रयतवारी होती, जमीन छोट्या-मोठ्या खातेदारांच्या नावावर राहिली. कापूस नेण्याची व्यवस्था मात्र आली. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी नॅरोगेज ‘शकुंतला’ ही त्याच व्यवस्थेतली गाडी. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीची. वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरला मुख्य मार्गावर नेऊन सोडायचा आणि तिथून तो मुंबई बंदराकडे जायचा. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्येच बनलेलं होतं, आणि ते १९९४ पर्यंत धावलं. आज गाडी बंद आहे, पण आजोबांना विचारा, शकुंतलेचं नाव काढताच त्यांचा आवाज बदलतो.

आपल्याकडे एक शब्द पुरत नाही

इंग्रजीचं एक ‘प्लांट’ आपण मराठीत आणायला गेलो तर अडचण होते, कारण आपल्याकडे कामागणिक शब्द वेगळा. तिफणीने सरळ ओळीत घालायचं ते पेरणं. दाणा दाणा बोटाने घालायचं ते टोबणं. मुठीने उधळत जायचं ते फोकणं. कांद्या-मिरचीचं रोप उचलून दुसरीकडे घालायचं ते लावणं. पूर्व विदर्भात धानाची रोवणी असते. हळदीचं, आल्याचं बेणं असतं. आणि पाऊस दगा देतो तेव्हा आणखी एक शब्द येतो, जो यवतमाळात कुणीही हसत उच्चारत नाही: दुबार पेरणी.

‘रोवणं’ बघा. पाय रोवून उभं राहणं, झेंडा रोवणं. इंग्रजीतही पाय आणि झेंडा ‘प्लांट’च करतात. कुणी कुणाचं भाषांतर केलेलं नाही, दोन्हीकडच्या माणसांनी माती दाबलेली आहे, एवढंच.

‘लावणं’ तर विचारूच नका. झाड लावा, फोन लावा, नंबर लावा, लाइट लावा, टिकली लावा, दार लावा, लळा लावा. ‘लावणी’ या गाण्याच्या नावाचं मूळही काही अभ्यासक याच रोपांच्या लावणीत शोधतात, काही जण ‘लावण्या’त. भांडण अजून मिटलेलं नाही.

आणि ‘पेरणं’? कोशकार त्याचं मूळ संस्कृत ‘प्रेरण’ असं देतात: पुढे ढकलणं, चालना देणं. म्हणजे ‘पेरणी’ आणि ‘प्रेरणा’ या सख्ख्या बहिणी. तुम्ही मोबाइलवर ज्या मोटिव्हेशनल रीळ बघता, त्यांचा शब्द मुळात तिफणीमागून चालणाऱ्या बाईच्या कामाचा आहे. चाड्यावर मूठ धरायची आणि दाणा एकसारखा सोडत जायचा. मूठ सैल पडली तर दाट पेरलं जातं, आवळली तर तुटक. आठवडाभराने उगवण बघून सगळ्या गावाला कळतं, कोणाची मूठ होती.

पुण्या-नागपुरात शिकायला गेल्यावर यातले कितीतरी शब्द आपण गिळून टाकतो. टोबणं म्हटलं की रूममेट हसेल, अशी भीती वाटते. पण कृषी महाविद्यालयात ‘डिबलिंग’ शिकवतात ते हेच टोबणं. बाहेर ‘ब्रॉडकास्ट’ म्हणून जो शब्द रेडिओपासून व्हॉट्सॲपपर्यंत मिरवतो, तोही मुळात शेतातला, आपल्या फोकण्याचा. इंग्रजांनी वावरातला शब्द उचलून स्टुडिओत नेला, लाजले नाहीत. आपण मात्र घरचे शब्द घरीच ठेवून येतो.

प्लांट वाचला, पण…

शब्दात माणूस विसरला गेला की काय होतं, हे आपल्या जिल्ह्याने पाहिलंय. कीटकनाशकांच्या कामाला कृषी खात्याच्या भाषेत ‘प्लांट प्रोटेक्शन’ म्हणतात, मराठीत पीक संरक्षण. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. काहींच्या डोळ्यांपुढे अंधार आला. त्या वर्षी अनेक ठिकाणी कपाशी दाट आणि उंच वाढली होती, त्यामुळे फवारा थेट तोंडावर येत होता. अंगावर ना मास्क होते, ना हातमोजे, ना गॉगल. संरक्षण पिकाचं चाललं होतं आणि त्याखाली उभा असलेला माणूस त्या शब्दात कुठेच नव्हता.

इथे तुमचं काम सुरू होतं. औषधाच्या डब्यावर एक चौकट असते, कोपऱ्यावर उभी केलेली. तिच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग बघा. लाल म्हणजे सर्वाधिक विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, फक्त त्यातल्या त्यात कमी. सोबत बारीक अक्षरातलं माहितीपत्रक असतं: कशात काय मिसळू नये, कोणते कपडे घालावेत, विषबाधा झाली तर काय करावं. बारावीपर्यंत इंग्रजी शिकून, पुढे डिग्री घेऊन आपण नेमकं काय करणार, हा प्रश्न पडत असेल तर एक सोपं उत्तर आहे. सुट्टीत घरी गेलात की ते पत्रक उघडा, वाचा, आणि जो फवारायला जाणार आहे त्याला त्याच्या बोलीत समजावून सांगा. या वाचनाला मार्क नाहीत. पण घरातला माणूस संध्याकाळी धड परत येणं याच्याइतका मोठा निकाल दुसरा कुठला?

नाव कोणाचं लावायचं?

शेवटी त्या टोबणाऱ्या बाईकडे येऊ. टोबणं, निंदणं, वेचणी: कपाशीचं बहुतेक वाकून करायचं काम बायांचं. मजुरी मात्र पुरुषांपेक्षा कमी. घरची शेती असेल तर मजुरीचाही प्रश्न नाही, ‘घरचंच काम’ म्हणून ते मोजलंच जात नाही. आणि ‘शेतकरी कोण?’ असं विचारलं की बोट जातं सातबाऱ्याकडे. तिथे बहुतेक घरांत नाव असतं आजोबांचं, वडिलांचं, काकांचं. अमेरिकेतल्या मळ्यांची तुलना आपल्या घराशी करायची नाही, ती गोष्ट फार वेगळी आणि फार भयंकर होती. पण शब्दाची खोड तीच: ज्याचा पाय मातीत, त्याचं नाव कागदावर नाही.

हे नाव लावायचा प्रयत्न महाराष्ट्रात झालेला आहे. १९९० च्या आसपास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम चालवली. बायकोने आयुष्यभर केलेल्या कामाचं ऋण म्हणून जमिनीचा काही भाग तिच्या नावे करा, असं शेतकऱ्यांना सांगितलं आणि अनेक गावांनी ते केलं. पुढे शासनानेही १९९२ मध्ये लक्ष्मीमुक्तीची योजना काढली. नवऱ्याने अर्ज द्यायचा आणि बायकोचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर घ्यायचं.

तेव्हा या सुट्टीत दोन गोष्टी करा. पहिली, आई, आजी, मोठी माय, जी कोणी असेल तिला विचारा: दाणा मातीत घालायला तुमच्याकडे किती शब्द आहेत? कोलामांच्या पोडावर, बंजाऱ्यांच्या तांड्यावर तुमचे मित्र असतील तर त्यांच्याही घरचे शब्द विचारा, ते वेगळे असतील. वहीत लिहून ठेवा. दुसरी, मोबाइलवर घरचा सातबारा उघडा. आता तो ऑनलाइन दिसतो, पाच मिनिटांचं काम. त्यावर कोणाकोणाचं नाव आहे ते मोठ्याने वाचा, आणि जेवायला बसल्यावर विचारा, टोबायला कोण जातं?

घरात थोडी कुरबुर होईल. होऊ द्या. मराठीत झाड लावतात आणि सातबाऱ्यावर नावही लावतात, क्रियापद एकच आहे. पहिलं काम ती कित्येक वर्षं करतेय. दुसऱ्यासाठी तलाठ्याकडे जावं लागेल, तिथे तुम्ही सोबत जा.